न दिलेला काटा : एका जुन्या मॉरिसच्या तापमापीची गोष्ट

१/
आजचा धागा लढाईचा, ताम्रपटाचा किंवा किल्ल्याचा नाही. तो जेमतेम दीड सेंटिमीटर रुंदीच्या एका छिद्राविषयी आहे. १९५८ साली बनलेल्या एका मॉरिस मायनर मोटारीच्या इंजिनात हे छिद्र आहे. कारखान्याने ते पाडले आणि कारखान्यानेच ते बूच मारून बंद केले. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ते बूच काढले. एवढ्याशा कामात मला इतिहासाच्या अभ्यासाविषयी जे उमगले, ते वर्गात दोन वर्षे बसूनही उमगले नव्हते. म्हणून हा प्रपंच.

२/
आधी गाडीची ओळख. मॉरिस मायनर लोकांसमोर आली १९४८ साली, लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथील मोटार प्रदर्शनात. तिचा रचनाकार ॲलेक इसिगोनिस; १९५९ सालची प्रसिद्ध ‘मिनी’ही त्याचीच. युद्धानंतरच्या काटकसरीच्या काळात सामान्य कुटुंबाला परवडेल अशी ही गाडी होती आणि दहा लाखांचा टप्पा ओलांडणारी ती पहिली ब्रिटिश मोटार ठरली. भारताशीही तिचे नाते आहे. हिंदुस्थान मोटर्सने १९५० च्या दशकात ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने आणलेली गाडी म्हणजे मायनरच. अँबॅसिडर ही मॉरिस ऑक्सफर्डची लेक, म्हणजे या मायनरची भाचीच म्हणायची.

३/
आमची गाडी मात्र थेट विलायतेहून आली. साताऱ्याकडच्या एका डॉक्टरांनी शिक्षण संपवून परतताना ती बोटीने आणली आणि १९७२ साली, दुष्काळाच्या वर्षी, माझ्या आजोबांना विकली. आजोबा पाटबंधारे खात्यात होते. तेव्हापासून आजतागायत गाडी आमच्या साताऱ्याच्या घरी आहे. इंजिन ९४८ सीसीचे, चार सिलिंडरचे. रंग एकेकाळी हिरवा होता, असे आजी सांगते.

४/
तिच्या डॅशबोर्डकडे पाहा. मधोमध एक मोठी गोल तबकडी. तिच्यात वेगाचा काटा, त्याच्या पोटात पेट्रोलचा काटा आणि काही चिमुकले दिवे : तेलाचा दाब पडला तर एक, बॅटरी भरत नसेल तर एक, हेडलाइट वर असतील तर एक. संपले. इंजिन किती तापले आहे हे सांगणारे तिथे काहीही नाही. काटा नाही, दिवाही नाही. जे इंजिन पाण्यावाचून काही मिनिटांत स्वतःला जाळून घेऊ शकते, त्याच्या तापाची खबर चालकाला देण्याची गरज कारखान्याला वाटली नाही. का?

५/
याचे उत्तर थोडे मागे जाऊन शोधावे लागते. सुरुवातीच्या मायनरमधील ९१८ सीसीच्या इंजिनाला पाणी फिरवणारा पंपसुद्धा नव्हता. गरम पाणी हलके होऊन वर चढते, रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली उतरते आणि पुन्हा इंजिनात शिरते. एवढ्या साध्या नियमावर काम चाले. या पद्धतीला थर्मोसायफन म्हणतात. फोर्डची मॉडेल टीदेखील बहुतांशी याच नियमावर चाले. थंड हवेच्या देशात, बेताच्या वेगाने आणि फारशा चढणी नसलेल्या रस्त्यांवर ही व्यवस्था पुरेशी होती. १९५२ नंतर मायनरला नव्या ए-सिरीज कुळातले, पंप असलेले इंजिन मिळाले. डॅशबोर्डाने मात्र जुनीच निश्चिंती सांभाळली, असा माझा तर्क आहे.

६/
इंजिनाचा ताप मोजण्याची कल्पना तेव्हा नवी होती असे मात्र नाही. अमेरिकेत हॅरिसन बॉइस याने १९१२ च्या सुमारास ‘मोटोमीटर’ काढला. रेडिएटरच्या टोपीवरच उभी केलेली गोल काचेची तापमापी. तिचे तोंड चालकाकडे. आत तांबडी रेघ वर चढताना दिसे. जुन्या चित्रांत मोटारीच्या नाकावर जे गोल पदक दिसते, ते अनेकदा हेच असते. यात एक मेख होती. मोटोमीटर पाण्याचे नव्हे, तर पाण्यावरच्या वाफेचे तापमान मोजत असे. पाणी फारच खाली गेले की त्याचे सांगणे भरवशाचे राहत नसे. ही मेख लक्षात ठेवा. पुढे तिच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे.

७/
आता त्या छिद्राकडे वळू. इंजिनाच्या हेडवर, पुढच्या अंगाला, थर्मोस्टॅटच्या घराखाली एक आटे पाडलेली जागा आहे आणि तिच्यात बूच बसवलेले आहे. ही जागा तापमापीचा कंद बसवण्यासाठी आहे. मायनरला तापमापी नाही, तर जागा कशाला? कारण हे इंजिन एकट्या मायनरचे नव्हते. १९५८ साली आलेल्या ऑस्टिन-हीली स्प्राइट या छोट्या खेळाडू गाडीत हेच ९४८ सीसीचे इंजिन होते आणि तिच्या डॅशबोर्डावर पाण्याच्या तापमानाचा काटाही होता. म्हणजे साचा एकच. हौशी चालकाच्या गाडीत छिद्रातून खबर बाहेर येई. कुटुंबाच्या गाडीत त्याच जागी बूच. आपल्याला कागदपत्रे वाचायला शिकवतात. पण हे बूचही एक कागदच आहे : कोणाला किती माहिती द्यायची, याचा निर्णय त्यावर कोरलेला आहे.

८/
आमच्या घरी हा काटा कधीच लागला नाही, कारण आजोबा होते. पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाट चढावा लागे. साताऱ्याहून पुण्याला जाताना बोगदा आहे, येताना मात्र चढण चुकत नसे. घाटाच्या मध्यावर आजोबा अचानक गाडी कडेला घेत. वाऱ्याकडे तोंड करून उभी करत. इंजिन बंद करत नसत. पंखा आणि पंप फिरत राहावेत म्हणून थोडा वेग देऊन चालू ठेवत. आम्ही विचारायचो, “आजोबा, का थांबलात?” ते म्हणत, “दमलीय ती.” दहा मिनिटांनी आम्ही निघायचो. त्यांच्या हातात गाडी एकदाही उकळली नाही.

९/
त्यांना कळे कसे? चढावर इंजिन जास्त तापले की पेट्रोल अवेळी पेटू लागते आणि एक बारीक, किणकिणता आवाज येतो. पंख्याचा स्वर बदलतो. पायांपाशी येणाऱ्या हवेची धग वाढते. तापलेल्या रबराचा आणि रंगाचा एक विशिष्ट वास येतो. या चारही गोष्टी ते एकत्र ऐकत, हुंगत आणि निर्णय घेत. आपल्याला शब्दांत मांडता येत नाही असे पुष्कळ ज्ञान आपल्या हातांत आणि कानांत असते. कुंभार, सुतार, सुईण यांच्याविषयी वाचताना आपण हे सहज मान्य करतो. आपल्याच घरातल्या माणसाविषयी ते मान्य करायला मला पंचविशी गाठावी लागली.

१०/
गेल्या वर्षी मे महिन्यात गाडी मी चालवत होते. आजोबा शेजारी. वय शहाऐंशी. घाटाची शेवटची वळणे राहिली असताना बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ उसळली. रेडिएटरच्या खालच्या नळीची पकड सैल होऊन पाणी वाटभर गळत आले होते. मी थांबवेपर्यंत हेड वाकले होते, गॅस्केट गेले होते. मला अपराधी वाटत होते. पण आजोबा गाडीकडे पाहतच नव्हते. रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून ते एकच वाक्य पुन्हा म्हणत होते, “मला ऐकू कसं आलं नाही?”

११/
कान कमी झाल्याचे घरात सर्वांना ठाऊक होते. त्यांनाही होते. पण माणसाचे ऐकू न येणे वेगळे आणि इंजिनाचे ऐकू न येणे वेगळे. घरी आल्यावर त्यांनी सांगून टाकले, “गाडी विकून टाका आता.” मिस्त्रींनी हेड रंधून आणले, नवे गॅस्केट बसवले, आणि जाता जाता मला हळूच म्हणाले, “ताई, साहेबांचा कान होता तोवर मीटरची गरज नव्हती. आता एक मीटर बसवून घ्या.” मीटर म्हणजे काटा. तो दिला नाही म्हणून मी कारखान्याला इतकी वर्षे बोल लावत होते. पण काटा नसूनही भागत होते, ते एका माणसाच्या बळावर. तो माणूस थकला तेव्हा बूच दिसू लागले.

१२/
कोणता काटा घ्यावा? दोन प्रकार आहेत. विजेवर चालणाऱ्या प्रकारात इंजिनात एक संवेदक बसतो. तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध कमी होतो. हा गुणधर्म मायकेल फॅरडे याने १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये टिपला होता. मात्र आमच्या गाडीत त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांप्रमाणे बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले आहे. आजची इलेक्ट्रॉनिक उपकरणे ऋण टोक गृहीत धरतात. म्हणून मी दुसरा, जुना प्रकार निवडला. त्याला वीज लागतच नाही.

१३/
त्याची रचना मोठी देखणी आहे. एका टोकाला पितळी कंद. त्यात ईथरसारखा लवकर उडणारा द्रव. कंदापासून केसासारख्या पोकळीची तांब्याची लांब नळी. दुसऱ्या टोकाला तबकडी आणि तिच्या पोटात वाकवलेली चपटी नळी. इंजिन तापले की ईथरची वाफ होते, दाब नळीतून धावतो, वाकलेली नळी किंचित उलगडते आणि काटा सरकतो. लहान मुलांची गुंडाळलेली कागदी पिपाणी फुंकल्यावर उलगडते, तसेच हे. या नळीचे एकस्व १८४९ साली फ्रान्सच्या युजेन बूर्दोंने घेतले. बाष्पयंत्रांच्या बॉयलरमधील दाब मोजायला ती वापरली गेली. म्हणजे मोटारीचा हा काटा खरे तर आगगाडीच्या युगाचा वारस आहे.

१४/
मला मिळालेली तबकडी स्मिथ्सची, जुनीच, फॅरनहाइटमधली. (स्मिथ्स हे मुळात लंडनचे घड्याळजी, मोटारी आल्यावर ते त्यांच्या तबकड्यांकडे वळले.) बसवण्याआधी तपासणी म्हणून मी स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी उकळत ठेवले आणि कंद त्यात सोडला. पाणी खळखळू लागले. काटा २१२ वर जायला हवा होता, कारण पाण्याचा उत्कलनबिंदू २१२ अंश फॅरनहाइट, म्हणजे १०० सेल्सियस. काटा २०८ च्या आसपास थांबला. आणखी दहा मिनिटे आच दिली. हलला नाही. तबकडी बिघडलेली निघाली म्हणून मी हिरमुसले.

१५/
आजोबा दारात उभे होते. म्हणाले, “सातारा काय समुद्रकाठी आहे?” क्षणभराने माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंच आहे. हवेचा दाब कमी म्हणून पाणी दोन-सव्वादोन अंश सेल्सियस आधीच उकळते. तबकडी अगदी बरोबर होती. चूक माझ्या गृहीतकात होती. एकोणिसाव्या शतकात सर्वेक्षक याच नियमाने डोंगरांची उंची काढत. पाणी उकळायचे, तापमान वाचायचे, त्यावरून उंची. १८६५-६६ मध्ये वेश पालटून ल्हासाला पोहोचलेल्या नैनसिंह रावतने त्या शहराची उंची अशीच उकळत्या पाण्याच्या तापमानावरून मोजली होती. त्याच्याकडे लपवून नेलेली तापमापी होती. माझ्याकडे चहाचे पातेले.

१६/
आता नैतिक प्रश्न. सत्तरीकडे झुकलेली गाडी हाही एक ऐतिहासिक दस्तऐवज आहे. त्यात नवा काटा बसवणे म्हणजे जुन्या पोथीच्या समासात आपण काही लिहिण्यासारखे नाही का? वास्तूंच्या जतनाविषयीची १९६४ सालची व्हेनिस सनद सांगते की नव्याने घातलेली भर जुन्यापासून वेगळी ओळखू यावी. तिच्यापासूनच प्रेरणा घेऊन जुन्या वाहनांच्या ‘फीव्हा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली ट्यूरिन सनद स्वीकारली. मी तीन नियम ठरवले. डॅशबोर्डला एकही नवे भोक पाडायचे नाही. जे बसवू ते पुन्हा काढता आले पाहिजे. आणि काढलेला एकही मूळ भाग टाकायचा नाही.

१७/
काम दोन संध्याकाळी चालले. इंजिन पूर्ण थंड असतानाच रेडिएटरखालची तोटी उघडून पाणी बादलीत काढले. बूच मात्र हलेना. गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरवले. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी पान्याला हळूहळू, पुढे-मागे असा जोर दिला. एकाच दिशेने रेटले असते तर बिडाचे हेड तडकण्याची भीती होती. अखेर ‘कट्’ असा आवाज झाला आणि बूच सुटले. आत आटे स्वच्छ होते, जणू काल पाडलेले. १९५८ साली कोण्या इंग्रज कामगाराने बंद केल्यावर त्या आट्यांवर पडलेला हा पहिला उजेड असावा. मी थोडा वेळ नुसती पाहत राहिले.

१८/
कंद वायसरसह बसवला. खरे कौशल्य नळीत आहे. ती कापता येत नाही, जोडता येत नाही, मुरडली तर ईथर उडून जाते आणि काटा कायमचा मरतो. इंजिन हलते, गाडीचा सांगाडा हलत नाही. म्हणून मधे नळीचे दोन सैल वेटोळे सोडले, नाहीतर कंपनांनी ती तुटेल. एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूने ती मागे नेली आणि आधीपासून असलेल्या भोकातून, रबरी ग्रोमेटमधून, आत घेतली. तबकडी डॅशबोर्डाखाली, होत्याच त्या स्क्रूला पट्टी लावून टांगली. आजोबा खुर्चीवर बसून पाहत होते. शेवटी म्हणाले, “म्हणजे माझी जागा भरलीत.” त्यावर काय बोलावे ते मला सुचले नाही.

१९/
तेव्हा सुचले नाही, सुचले रात्री. मी मौखिक इतिहासाची विद्यार्थिनी. अनोळखी माणसांच्या मुलाखती घ्यायला गावोगाव फिरते आणि घरातले हे ज्ञान मी एकदाही नोंदवले नव्हते. दुसऱ्या दिवशी वही घेतली. म्हटले, “आजोबा, काटा मी वाचते. तुम्ही त्याच्याकडे पाहायचं नाही. तुम्हाला वाटेल तिथे ‘थांब’ म्हणायचं.” त्यांना हा खेळ आवडला. गेल्या काही महिन्यांत आम्ही चार वेळा तो घाट चढलो. सपाटीवर काटा १८० ते १९० मध्ये असतो, म्हणजे थर्मोस्टॅट उघडतो त्याच्या जवळपास. आजोबांनी बहुतेक वेळा ‘थांब’ म्हटले तेव्हा तो २०० ते २०५ मध्ये होता. रेडिएटरची दाबाची टोपी उत्कलनबिंदू दहा-बारा सेल्सियस अंशांनी वर नेते, त्यामुळे तिथून उकळायला पुष्कळ अवकाश असतो. पण टोपीच्या भरवशावर न राहता त्यांनी पन्नास वर्षे तेवढे अंतर राखले होते. आज त्या सावधपणाला आकडा मिळाला.

२०/
दोन नोंदी मात्र वेगळ्या आहेत. एका फेरीत काटा २१० च्या पुढे गेला आणि आजोबा गप्प होते. मी काही न बोलता गाडी कडेला घेतली. त्यांनीही काही विचारले नाही. दुसऱ्या फेरीत काटा १८५ वर स्थिर असताना ते एकदम म्हणाले, “वास येतोय. गोडसर.” बॉनेट उघडले तर नव्या वायसरपाशी कूलंट झिरपत होते. अजून थेंबथेंब, तरी तसेच गेलो असतो तर पाणी खाली उतरले असते आणि कंद नुसत्या वाफेत उरला असता. तेव्हा काट्यावर विश्वास ठेवणे धोक्याचे ठरले असते. मोटोमीटरची शंभर वर्षांपूर्वीची मेख ती हीच. कान गेला होता, नाक शाबूत होते. पाना फिरवून वायसर घट्ट केला, पाणी भरले आणि पुढे निघालो. गाडी विकण्याचा विषय त्यानंतर निघालेला नाही.

२१/
साधनांचा इतिहास वाचताना आपण सहसा विचारतो, हे कधी आले, कोणी शोधले? यापुढे मी आणखी एक प्रश्न विचारणार आहे : हे येण्याआधी हे काम कोण करत होते, आणि त्या माणसाचे ज्ञान कोणी लिहून ठेवले का? तुमच्याही घरी असे कोणी असेल. दुधाला हात लावून विरजणाची वेळ सांगणारी आजी, आकाश पाहून पेरणी ठरवणारे काका. काटा येण्याआधी त्यांच्याशेजारी वही घेऊन बसा. काटा आल्यावरही बसायला हरकत नाही.

२२/
काढलेले पितळी बूच एका आगपेटीत घालून मी गाडीतच ठेवले आहे. सोबत एक चिठ्ठी आहे : कोणत्या दिवशी काढले, कोणी काढले, का काढले. पुढे कोणाला गाडी कारखान्यातून आली तशी करायची असेल तर अर्ध्या तासाचे काम आहे. चिठ्ठीवर मिस्त्रींची, माझी आणि आजोबांची सही आहे. आजोबांनी सहीखाली स्वतःहून एक ओळ जोडली : “घाटात २०० ला थांबावे.”